वाणाचा कोंबडा

झेलीच्या मांडीवर उताणा धरलेला तरणा कोंबडा एकदाच ओरडला. चीर, दोन बोटं आत, टाका, वरून राख. झाला खच्ची, आता नाताळपर्यंत खाऊन लोण्यासारखा होणार. ओळखू यावा म्हणून त्याचा शिंगांसारखा दुफाट तुराही तिनं छाटला.

ला फ्लेश जातीच्या या काळ्या कोंबड्या तिच्या सासूच्या सासूपासून घरात. गावानं केव्हाच पांढऱ्या, पटापट वाढणाऱ्या आणल्या. निखळ वाण उरला होता तो हिच्याच खुराड्यात.

म्हातारा कोंबडा सकाळीच चुलीवर चढला होता. दुपारी मळणीची माणसं जेवायला यायची होती, आणि वाणासाठी त्याच्या जागी एक तरणा झेलीनं हेरून ठेवला होता. त्याच्या पायाला चिंधी बांधलेली. झेलीला धड दिसत नव्हतं, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाय चाचपायचा, चिंधी नसली की चालवायचा चाकू.

"आण गं पुढचा."

"सरले, आत्याबाई," सून मोरिसेत म्हणाली.

"सरले? आन् चिंधीवाला कुठाय?"

मोरिसेत हळूच म्हणाली, "चिंधी काल सोडली मी. पाय सुजला हुता त्याचा."

"तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"तुमी बघून कापताय असं वाटलं. माझ्या डोळ्यांची काळजी तू करू नगंस, असं तुमीच म्हणता न्हवं?"

झेली उठली. राख माखलेले, बिनतुऱ्याचे सगळे कोपऱ्यात दाटीनं बसले होते. त्यातला तो कुठला, तेही कळेना. आतून रश्श्याचा वास आला.

"जा, त्या म्हाताऱ्याला उठव पातेल्यातनं. म्हणावं, कामावर ये."

मोरिसेतला हसू आलं नाही.

"कोंबड्यांत कवापतुर हुता त्यो म्हातारा?" झेलीनं विचारलं.

"आज पहाटंपतुर."

"मग आठवडाभर तरी अंड्यांत त्याचा जीव असंल. एक अंडं बाजारात जायचं न्हाई."

"पण बसवायची कुणाला? खुडूक एकबी न्हाई. या जातीला बसायचंच ठावं न्हाई."

"टर्की धर."

टर्की काही राजी नव्हती. झेलीनं तिला बगलेत दाबलं, मळणीवाल्यांसाठी काढलेल्या सफरचंदाच्या दारूत पाव बुडवला आणि चोच उघडून कोंबला. मान लुळी पडल्यावर टोपलीतल्या अंड्यांवर बसवली.

अंगणात माणसं आली. "वास झकास सुटलाय, झेलीबाई!" कुणीतरी ओरडलं.

ती गेली नाही. टर्कीच्या पाठीवर हात दाबून बसून राहिली. हात काढला की ही उठणार, असं तिला वाटत होतं.