कोणाला दुखतंय?

अण्णांसमोर 'डोकं दुखतंय' म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "कोनाला दुखतंय?" आणि तेही ओरडून. तीस वर्षं लूम दुरुस्त करून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ब्रह्म काय नि भाजीचा भाव काय, सगळं एकाच आवाजात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, "डोक्याला दुखतंय." तर म्हणतात, "आनि डोकं दुखतंय हे कळलं कोनाला? त्याला न्हाय दुखत, बाय. तो फक्त बघतो." मी घरी येऊन बाम लावला, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. मग बारा वर्षं जातच राहिले.

कामतघरला लूमच्या कारखान्यावर त्यांची एक खोली. खाली माग सुरू झाले की फरशी थरथरायची. तिथे संध्याकाळी अद्वैताचा पाठ. आम्ही दहा-बारा जण, बहुतेक बायका, दिवसभर मागाच्या कांड्यांवर सूत भरून आलेल्या. माझं शिक्षण चौथी. एकदा अण्णांनी कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला. "यातला धागा सगळा काढून घे, मंग कापड दाखव मला." मी अर्धा तास उसवत बसले. शेवटी मांडीवर सुताचा गुंता, कापड कुठेच नाही. "जग असंच हाय. न्हाय असं न्हाय, पन धाग्याबिगर न्हाय." पोथी वाचून मला हे जन्मात कळलं नसतं.

अण्णा मूळचे अंजूरचे. त्यांचे गुरू वज्रेश्वरीकडे भातशेती करायचे, आणि गुरूंचे गुरूही शेतकरीच. गुरूंच्या पुण्यतिथीला अण्णा एकच गोष्ट सांगायचे. गुरू अंगणात मांडी घालून बसले, सगळ्यांकडे बघून हसले, आणि गेले. आम्ही पदराने डोळे पुसायचो.

मग अण्णांनाच हाडांचा कॅन्सर झाला. मुंबईच्या इस्पितळाने 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवलं, नि आमच्या गल्लीतल्या डॉक्टर शबानांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक. अण्णांची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सेवा आम्हीच करायचो. त्यांच्यामागे पाठ चालवायला त्यांनी दिनकरला तयार केलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला, सज्जन माणूस. गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांनी त्याने पाकीट कपाटात ठेवून दिलं. "ताई, गोळीने गुंगी येते. ज्ञानी माणसाची शुद्ध शेवटच्या क्षणी जायला नको. आपल्या परंपरेत सगळे जागेपणी गेलेत."

मला पटलं. खोटं कशाला सांगू, अगदी पटलं.

नऊ दिवस. अण्णा आधी कण्हायचे, मग ओरडायचे. माग चालू असताना कोणाला ऐकू जायचं नाही, पण वीज गेली की शेजारच्या सगळ्या चाळीला जायचं. दारात कोणी आलं की मी सांगायचे, "अण्णा ध्यानात आहेत." आतून आवाज येत असायचा, तरी सांगायचे.

नवव्या दिवशी दुपारी अण्णा म्हणाले, "बाय, गोळी दे." दिनकर पायाशी बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी. त्याने अण्णांचे पाय धरले आणि मोठ्याने, पण अगदी प्रेमाने विचारलं, "अण्णा, कोणाला दुखतंय?"

"मला!" अण्णा ओरडले. "मला दुखतंय, गाढवा! आनखी कोनाला?"

मग दम खात खात बोलले, "माझे गुरू पन वरडले. पाच दिस वरडले. मीच भायेर येऊन सांगितलं, हसत गेले म्हनून. वाटलं, लोकं यायची बंद होतील."

दिनकर म्हणाला, "वेदनेत काहीही बोलतायत, ताई. मनावर घेऊ नका."

मी उठले. कपाट उघडलं. गोळी कुटली, चमच्यात पाणी घालून त्यांना पाजली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, जवळजवळ भरलेलं पाकीट बघितलं. मग एवढंच, "ये अलमारी के लिए लिखी थी मैंने?"

अण्णा त्यानंतर दोन दिवस जगले. थोडी पेज प्यायले. मला म्हणाले, ओरडून नाही, साध्या आवाजात, आणि तसा आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता, "बरं वाटतंय आता, बाय. मंग इतके दिस का न्हाय दिलीस?"

मी पुढची गोळी कुटायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेतच गेले.

जिन्यावर माणसं जमली. दिनकरने हात जोडून सांगितलं, "अण्णा पूर्ण शुद्धीत, हसत गेले. ताई जवळच होत्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हो, हलवली. परंपरा म्हणतात ती अशीही हातात येते.

तेवढ्यात गर्दीतून पार्वती पुढे आली. आमच्याच पाठातली, तिचे मालक तोच आजार घेऊन घरी पडलेले. माझे हात धरून रडायला लागली. "ताई, मग मी पण ह्यांची गोळी थांबवते. ह्यांनाही शुद्धीत जाऊ दे."

मी तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

"अण्णा ओरडत होते, पार्वती. नऊ दिवस ओरडत होते, नि गोळी आमच्या कपाटात होती. घरी जा. घड्याळ बघून दे."

दिनकर मागून "ताई, अहो ताई" करत होता. पार्वती चप्पल न घालताच जिना उतरली.