मंगलचे ग्लोव्हज

“प्रयागबाई, मलम कुणी पुसलं?”

बालाजीच्या गुडघ्यामागची चामडी अजूनही लालभडक होती, आणि त्याच्या आईच्या, प्रयागबाईच्या पदरावर तेलकट डाग होता. मी तेव्हा लातूरच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते. जिल्हा नवा, वॉर्ड नवा, आणि दुष्काळामुळे नळ कोरडे. टँकरचं पाणी बादलीनं मोजून वापरायचो.

बालाजी वर्षाचा, चाकूरकडचा. त्याला इसब झालं होतं. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. कातडी कोरडी पडते, सुजते, खाज काही थांबत नाही. लेकरानं खाजवून रक्त काढलं होतं. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं सौम्य मलम लिहून दिलं होतं. पातळ थर, दोन वेळा, ठरावीक दिवस. लावायचं काम माझ्या विद्यार्थिनीकडे, मंगलकडे. तीन दिवस झाले तरी फरक शून्य.

प्रयागबाईनं पदराचा डाग मुठीत लपवला. मग म्हणाली, “म्याच पुसलं, बाई. डिस्चार्ज द्या, गावाकडं जाताव आमी.”

“अगं, पण का?”

“ती पोरगी रबरी मोजे घालून लावती. एकावर एक दोन. तिच्या हाताला जे सोसंना, ते माज्या लेकराला कसं सोसंल?”

मी तडक उठले. मंगलला बाजूला घेतलं. माझा आवाज चढलाच.

“हे काय खूळ काढलंस? इथं ग्लोव्हज धुवायला तरी पाणी आहे का?”

तिचे डोळे भरून आले. “मॅडम, तुमीच तर शिकवलं. स्टिरॉइडनं चामडी पातळ होती, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आमी समद्याजणी मोजे घालूनच लावताव.”

खरं होतं. स्टिरॉइडच्या तोट्यांनी मी फळा भरून टाकला होता. पण त्यातलं बरंचसं महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्यावर होतं, किंवा जहाल मलम मनाला येईल तसं लावल्यावर. हे सांगायच्या आत तास संपला आणि मी खडू ठेवून निघून गेले. चूक माझी, बोलणी मात्र त्या पोरीला. मला फार लाज वाटली. तसं तिला म्हटलंही, आणि राहिलेला धडा तिथंच उभ्याउभ्या शिकवला.

मंगलनं ग्लोव्हज काढले. मगभर पाण्यात हात धुतले. खाटेपाशी जाऊन म्हणाली, “ताई, मलम चांगलं हाय. मलाच भ्या वाटत होतं.”

मग उघड्या बोटानं ती मलम लावू लागली. हलक्या हातानं, घाई न करता. बालाजीला गुदगुल्या झाल्या. तीन दिवस किरकिरणारं लेकरू खुदकन हसलं. प्रयागबाई मंगलच्या बोटाकडे एकटक बघत होती. एक पाय झाल्यावर तिनं स्वतःच त्याचा दुसरा पाय सरळ केला आणि पुढं धरला.

त्यानंतर पाचव्या दिवशी लाली उतरली. मायलेकरं रीतसर डिस्चार्ज घेऊन, मलम कधी थांबवायचं ते विचारून घरी गेली.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी औषधाचे तोटे आणि त्याचं प्रमाण एकाच तासात शिकवलं. आणि प्रत्येक बॅचला बजावलं, आईला आपण काय सांगतो ते नंतर ऐकू येतं, आधी ती आपले हात बघते.