फौजी बूट आणि पोह्याचा पापड

आजाऱ्याच्या ताटात काय वाढायचं हे तुमच्या घरी कोण ठरवतं, डॉक्टर की रीत?

आमच्याकडे रीत. आणि रीतीशी भांडायला मी सदा तयार! चळवळीतल्या वडिलांमुळे गोष्टींच्या पुस्तकांआधी माझ्या हाती पत्रकं आली. वडील सांगायचे, पत्रक खालून वाच. मोठ्या अक्षरांना भुलण्याआधी ते छापलं कुणी ते बघ.

चुलते फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी राहायला आले होते. दर महाराष्ट्र दिनी, एक मे रोजी, शाळेचा झेंडा तेच फडकवत, चकचकीत फौजी बूट घालून. मी कॉलेजात असताना एका वर्षी त्यांची मूत्रपिंडं बिघडली, पाय सुजले आणि बूट चढेनात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "मीठ अगदी कमी. डाळ मोजकी. भात, भाकरी चालेल."

काकींनी हुकूम पाळला. आमटी अळणी, भाजी अळणी. भाकरीत तर आमच्याकडे मीठ नसतंच. तरी सूज हटेना. काका रोज सकाळी बुटात पाय घालून बघायचे आणि बुटालाच शिव्या द्यायचे.

"बूट आटलं वाटतं," काकी म्हणायच्या.

"बूट कशाला आटतंय? तुजी आमटी खाऊन जीव आटलाय माजा."

"म्हणून तर पापड देतीय न्हवं?"

आजाऱ्याच्या मऊ भातावर भाजलेला पोह्याचा पापड हवाच, ही रीत. पोहे म्हणजे तांदूळ, आणि तांदूळ तर डॉक्टरांनीच मान्य केलेला! काका दोन्ही वेळेला पापडांचा फडशा पाडायचे.

उन्हं तापली तसा अंगणात पापडांचा घाट घातला. शेजारच्या बायका जमल्या आणि सुट्टीत सांगलीच्या कॉलेजातून आलेल्या मलाही लाटायला बसवलं. काकींनी पाणी उकळलं, त्यात मूठभर मीठ टाकलं, वर पापडखार, आणि त्या पाण्यात पीठ भिजवायला घेतलं.

"काकी, हे पापड कुणाला?"

"तुज्या काकाला. दुसरं कोण खातंय एवढं?"

"आवं, मीठ बंद हाय न्हवं त्यांचं?"

"मीठ आमटीतलं बंद हाय. ह्यो पापड हाय!"

बायका खो खो हसल्या. काकीही हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात परातीतच थांबला. "आगं बया," एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना विचारलं, तर पापडखारही मिठाचाच भाऊ निघाला. पापडांचा डबा शेजारी गेला.

"आता भातासंगं काय बूट भाजून खाऊ व्हय?" काका गरजले.

"खावा! न्हाईतरी पायात कुठं जातंय त्ये?"

दुखणं गेलं नाही. पण सूज ओसरली आणि एक मेला बूट चढले. नाड्या तेवढ्या सुट्याच राहिल्या. काकांनी सलाम ठोकला, तेव्हा सगळी शाळा झेंड्याकडे बघत होती आणि काकी बुटांकडे.

तुमच्या घरात असं दुखणं असेल, तर धान्याच्या नावाला भुलू नका. आजच पापड-कुरडयांचे डबे उघडा, पीठ कशात भिजवलं ते करणारीला विचारा, डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि मगच वाढा.