डोंगरावरची मरून टोपी

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजूनही थंडीत पांढरी पडतात. तो फोटो मी या बोटांनी काढला. हे चारचौघांत सिद्ध करायला मला दोन आठवडे दातओठ खात थांबावं लागलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मार्चअखेरीस आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून टाहोच्या बर्फाळ डोंगरात स्की करायला गेलो. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. आम्हाला लिफ्टने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर जायचं नव्हतं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. तसे पाय ओढत चार तास चढायचं, वर सूर्यास्ताचे फोटो घ्यायचे, पट्ट्या सोलून काढायच्या आणि उजेड आहे तोवर घसरत खाली यायचं. बेत माझा, वाट मी शोधलेली, कॅमेरा माझा. त्याच्याकडे त्याच्या आईने विणलेली मरून कानटोपी होती, वर पिवळा गोंडा, आणि शेंगदाण्याचे लाडू. लाडू चांगले होते, ते नाकारत नाही.

शिखरावर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीने बॅटरी मरते म्हणून जादाची मी चढताना पोटाशी बांधली होती. सूर्य टेकला तसा बर्फ आधी पिवळा, मग गुलाबी झाला. हातमोज्यातून बटणं दाबता येईनात, म्हणून मी उजवा मोजा काढला.

"यार, पुरे ना आता. मी फ्रीझ होतोय," तो म्हणाला.

"दोन मिनिटं. त्या कडेला जाऊन उभा राहा, डोंगर केवढा आहे ते कळू दे."

तो कुरकुरत गेला. कड्यावर एवढासा माणूस, डोक्यावर मरून टोपी, मागे सगळं आकाश पेटलेलं. तसा फोटो मला पुन्हा जमेल असं वाटत नाही. परतताना गाडीत त्याने तो मागितला. "आईला पाठवतो, खूश होईल." मी लगेच पाठवला.

दिवाळीत, प्रकाशनाच्या दोन आठवडे आधी, आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक हातात आला. मुखपृष्ठावर माझा सूर्यास्त, खाली छायाचित्रकार म्हणून त्याचं नाव. कड्यावरचा माणूस कापून टाकला होता. आत त्याचा दोन पानी लेख, ‘त्या निर्जन शिखरावर मी एकटाच होतो.’ माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी फोन केला.

"अगं, चिल. आपण टुगेदरच गेलो होतो ना? आणि एडिटर काकांनी क्रेडिट विचारलं तेव्हा पटकन माझंच नाव दिलं गेलं."

"आणि एकटाच होतो हे कुणी विचारलं होतं?"

"लेखात थोडं ड्रॅमॅटिक लागतं गं."

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडले असते तर पन्नास जणांनी हात जोडल्याच्या इमोजी टाकल्या असत्या आणि विषय मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता. त्याची आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी मूळ फोटो, न कापलेला, मोठा छापून घेतला आणि फ्रेम केला. अंकाच्या प्रकाशनाला नेसायची साडीही ठरवली, मरून.

कार्यक्रमात त्याचा सत्कार झाला. चहाच्या वेळी, संपादक काका त्याच्याच शेजारी उभे असताना, मी फ्रेम त्याच्या आईच्या, काकूंच्या, हातात दिली. त्याचा चेहरा उतरलेला मी नीट पाहून घेतला. काकूंनी चष्मा वर सरकवला.

"अरे, ही तर मी विणलेली टोपी. हा तूच आहेस ना?"

तो म्हणाला, "हो, म्हणजे, त्या दिवशी..."

"मग फोटो कुणी काढला?"

संपादक काकांनी अंक उघडून ‘एकटाच’ हा शब्द पुन्हा वाचला. मी कागदी कपातला चहा सावकाश पीत राहिले. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

"मी, काकू," मी म्हणाले. "त्याने तुम्हाला पाठवला असेल की."

"नाही गं. मी आत्ताच पाहतेय." मग काकू मुलाकडे वळल्या. "मला सांगितलं असतंस की ती बिचारी एवढ्या थंडीत तुझ्यासाठी उभी होती, तर मी तिलाही एक टोपी विणली असती."

त्यांनी खरंच विणली, मरूनच. फ्रेम त्यांनी नागपूरला नेली आणि बैठकीत लावली. कोपऱ्यात माझी सही आहे. काकूंचा महिन्यातून एकदा फोन येतो. सांगतात, "पाहुणे विचारतात तेव्हा मी म्हणते, हा माझा मुलगा, आणि फोटो त्याच्या मैत्रिणीने काढलाय." तो दर वर्षी तीन आठवडे सुट्टीला घरी जातो. त्या बैठकीत बसतो, आणि पाहुण्यांसमोर मान हलवून हो म्हणतो.