आपट्याच्या पानातली हाक

सोमादादा गेल्याची बातमी मला मेथी घेताना कळली. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात मी एका बाईशी जुडी किती बारीक झाली आहे यावरून हुज्जत घालत होतो आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादाचा मुलगा हिरामण बोलत होता. "गुर्जी, आमचा बा गेला... काल सकाळी." मी त्या बिचाऱ्यावरच चिडलो. काल गेला आणि आज सांगतोस? तो शांतपणे म्हणाला की घरी रेंज येत नाही, फोन लावायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि काल चढायला कुणाला सुचलं नाही. सगळं उरकलंही होतं. त्या टाकीवर मी स्वतः कैक वेळा चढलो आहे, तरी माझं चिडणं थांबेना. माणूस गेल्याचा राग कुणावर तरी काढावा लागतो, त्यातला तो प्रकार. मेथीचे पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून घरी आलो.

सोमादादाची आणि माझी ओळख त्याच्या पेठ तालुक्यातल्या गावात झाली. तिथल्या दोन शिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी नाशिकच्या पलीकडचं फारसं काही पाहिलेलं नव्हतं. सावळ घाट चढून एसटीनं मला उतरवलं तेव्हा आपल्याला शिक्षाच झाली आहे, अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर वह्या तपासत बसलो असताना ओढ्यापलीकडून कसलंसं पिल्लू रडल्यासारखा आवाज आला. बारीक, कापरा. एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग काही नाही. मी वह्या टाकून धावलो. पिल्लू कुठेच नव्हतं. ओढ्याच्या बांधावर पन्नाशी ओलांडलेला एक काटक माणूस एक हात वर करून नुसता उभा होता, आणि समोरच्या घराच्या दारात एक बाई त्याच्याकडे बघत होती. बाई आत गेली, चुलीचा धूर निघाला, तेव्हा कुठे त्यानं हात खाली घेतला. मला बघून तो हसला. हातातलं दुमडलेलं पान दाखवत म्हणाला, "चहा टाकायला सांगितला."

ते पान आपट्याचं. दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो तेच. दोन पाकळ्यांच्या या पानाची मधल्या शिरेवर आपोआप घडी होते. ती घडी ओठांत धरून कडेवरून हलकी फुंकर घातली की भेकराच्या, म्हणजे रानातल्या छोट्या हरणाच्या, पिल्लाचा आवाज निघतो. मला ते जमायला दोन वर्षं लागली. पहिलं वर्ष तर माझ्या पानातून फक्त थुंकी निघत होती आणि शाळेतली पोरं पोट धरून हसत होती. पान फार कोवळं घेतलं तर फाटतं, जून घेतलं तर घोगरं वाजतं. जबड्यानं नाही, पोटातून फुंकायचं. आणि हे सगळं जमलं तरी दादाच्या लेखी ते काहीच नव्हतं. फुंकणं कुणालाही येतं, कधी फुंकायचं नाही ते कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वारा पाठीवर असेल तर फुंकायचं नाही. हाकेच्या आधी आपला वास पोहोचतो. उघड्यावर बसून फुंकायचं नाही. तीन हाका मारायच्या आणि मग एक पान चघळून संपेपर्यंत गप्प बसायचं. माझ्यासारख्या अधीर माणसाचं घोडं तिथेच अडायचं. खरं पिल्लू सारखं ओरडत नाही, तो सांगायचा, ते ओरडतं आणि मग घाबरून ऐकत बसतं; जो ऐकत बसत नाही तो खोटा, हे जनावराला लगेच कळतं. होळीच्या सुमारास आपट्याची पानं झडली की हाक बंद. पालवी फुटून पान धरेपर्यंत रानानंच दिलेली ती सुट्टी, असं तो मानायचा.

हे सारं त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. शिकारबंदीच्या आधी गाव मिळून रानात जायचं तेव्हा हाक देण्याचं काम या घराकडे होतं. हाक देणाऱ्यानं शस्त्र धरायचं नाही आणि त्या दिवशीचं मटणही खायचं नाही, असा रिवाज. ज्याला फसवून बोलावलं त्याला खायचं कसं, हा साधा हिशेब. पण सगळ्यात मोठा नियम निराळाच होता. हाकेला जनावर आलं आणि कुणी ते मारलं नाही, तर हाक देणाऱ्यानं उठून उभं राहायचं, हात वर करायचा आणि त्याला आपलं तोंड दाखवायचं. म्हणजे त्याला कळतं की पिल्लू वगैरे काही नव्हतं, हा माणूस होता. ते पळतं, आणि सुटतं. दादाच्या तरुणपणीच शिकार संपली. तो त्याबद्दल हळहळत नसे, मात्र हाक त्यानं सोडली नाही. रानात कोण कोण उरलं आहे ते बघायला वर्षातून चार-दोनदा फुंकायचा, आलेल्या भेकराला उभं राहून तोंड दाखवायचा आणि समाधानानं घरी यायचा. एरवी फुंकायचा तो यमुनावहिनींसाठी, बांधावरून, रोज संध्याकाळी. आणि तिथेही उभं राहून हात वर केल्याशिवाय पुढे यायचा नाही. मी एकदा छेडलं की बायकोला तर माहीत आहे ना कोण आहे ते, तिच्यासाठी कशाला हा सोपस्कार? तो गंभीरपणे म्हणाला, "हाक ती हाक, गुर्जी. मारली तर तोंड दाखवायचं."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. माझी नाशिकला बदली व्हायच्या आदल्या हिवाळ्यात माझे तीन शिक्षकमित्र शहरातून आले, त्यातल्या एकाकडे मोठा कॅमेरा. मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. दादा बाजाराला गेलेला होता. मी त्यांना ओढ्याच्या वरच्या अंगाला कारवीच्या आडोशाला बसवलं आणि फुंकलं. दुसऱ्याच हाकेला भेकराची मादी आली. इतक्या जवळ की तिच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. कान पुढे, मान ताठ, ती आमच्या झुडपाकडे बघत होती. मित्र खुणेनं सांगत होता, अजून, अजून. मी फुंकत राहिलो. तीन हाकांचा नियम गेला, गप्प बसण्याचा गेला. आणि फोटो झाल्यावर, ती बिचकेल, मजा जाईल म्हणून आम्ही उभे न राहता तसेच मागच्या मागे सरपटत निघून आलो. ती तिथेच उभी होती. मित्रांनी पाठीवर थाप मारली आणि मी दोन दिवस हवेत होतो.

ती मात्र त्या कारवीपाशी रोज येत राहिली. गावाच्या इतक्या जवळ ती एरवी कधी आली नसती. चौथ्या दिवशी गावातल्या कुत्र्यांनी तिला गाठलं. दादानं तिला पाहिलं तेव्हा तिच्या आचळांत दूध होतं. म्हणजे तिचं स्वतःचं पिल्लू कुठेतरी गवतात दडवलेलं होतं आणि ती माझं खोटं पिल्लू शोधत फिरत होती. दादानं दोन दिवस रान पालथं घातलं. पिल्लू सापडलं नाही. गावात पान फुंकणारे आम्ही दोघंच, म्हणून तो सरळ शाळेत आला. पोरं सुटेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मी समोर गेलो, तेव्हा आयुष्यात एकदाच तो मला अरे-तुरे बोलला. "तू तिला खरं सांगितलंच नाय." मी काहीतरी सबब सांगू लागलो... मला वाटतं कॅमेऱ्याचं काहीतरी. त्यानं ती ऐकून घेतली आणि उठला. जाताना, परत अहो-जाहोवर येऊन मला म्हणाला, "आता पान नका फुंकू, गुर्जी." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही आणि मी पान ओठाला लावलं नाही. माणूस म्हणून तो तसाच राहिला. माझी बदली झाली तेव्हा एसटीत माझी ट्रंक त्यानंच चढवली. पुढे दरवर्षी दसऱ्याला तो नाशिकला आमच्या घरी यायचा. पिशवीत नागलीचं पीठ, घरच्या खुरासणीचं तेल, आणि वर आपट्याच्या डहाळ्या. आमच्या कॉलनीत विकत मिळणारी पानं बघून तो हळहळायचा, म्हणायचा की ही तर ओरबाडलेली आहेत. माझी बायको त्याच्यासाठी पुरणपोळी ठेवायची आणि तो ती चहात बुडवून खायचा. दरवर्षी मला वाटायचं, आज विचारावं. दादा, झालं ते झालं, मी चुकलो, आता फुंकू का? वर्गात पन्नास पोरांना चूक कबूल करायला शिकवणारा मी. तोंडापर्यंत आलेले शब्द दरवर्षी चहाबरोबर गिळायचो. गेल्या दसऱ्याला त्यानं माझ्या हातात सोनं ठेवलं आणि माझ्या बोटांनी सवयीनं त्या पानाची घडी घातली. मी वर बघितलं तर तो माझ्या हाताकडे बघत होता. बराच वेळ. मी पान उलगडून देवापुढे नेऊन ठेवलं. आमची ती शेवटची भेट.

होळीनंतर तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि गाडी येईपर्यंत संपलं. दिवसकार्याला मी जाऊन आलो, पण त्या गर्दीत यमुनावहिनींशी धड बोलताही आलं नाही. दीड महिन्यानं एकटाच पुन्हा गेलो. हिरामण दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला गेलेला होता. वहिनी दारात नागली निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्या म्हणाल्या की संध्याकाळ झाली की अजून कान बांधाकडे जातो, पाय आपोआप दारात येतात, आणि तिथे कुणी नसतं. सूप पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाल्या, "तुमाला येतं ना. एकदा फुंका."

मी सांगितलं की दादानं मला मनाई केली होती. भेकराची गोष्टही सांगितली, पहिल्यापासून, एकही सबब न जोडता. मला वाटलं त्यांना ती ठाऊक नसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं सूप पुसत राहिल्या.

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या. "म्हातारा कवाच निवला होता. दर दसऱ्याला यायचा नि मला सांगायचा, गुर्जी यंदाबी काय बोलला नाय. तुमी तोंड दाखवायची वाट बघत होता तो."

दरवर्षी घाट उतरून तो माणूस पुरणपोळीसाठी येत नव्हता. मी झुडपामागून उठून उभं राहावं म्हणून येत होता, आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवत होतो. त्या झुडपाकडे बघत ती भेकराची मादी जशी उभी राहिली होती, तसा तो माझ्या दारात उभा राहिला होता, इतकी वर्षं.

ऊन कलल्यावर मी ओढा ओलांडून बांधावर गेलो. बांधावरच्या आपट्याला नुकती पालवी धरलेली होती. पहिलं पान ओठाला लावताच फाटलं. दुसरंही. तिसरं थोडं निबर सापडलं. वारा तोंडावर होता. मी बांधाआड खाली बसलो, पोटातून फुंकलं. हाक चिरकली, दादाच्या हाकेच्या पासंगालाही पुरली नसती. तरी तीन मारल्या आणि गप्प बसलो, खरोखर गप्प. काही वेळानं समोरच्या दारात वहिनी आल्या. कोण आहे ते त्यांना माहीत होतं, मीच उठून इकडे आलो होतो. तरीही त्या आल्या, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून, डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

मी उभा राहिलो आणि हात वर केला. त्यांनी मला नीट बघितलं. मग त्या आत गेल्या. चुलीचा धूर दिसेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.