बिब्ब्याचा डाग

माझ्या आईनं मला दोघींकडून धरवून जाळलं. हे लिहिताना आजही दात आवळले जातात, आणि वाक्य मवाळ करायची माझी अजिबात इच्छा नाही.

मी सोळा वर्षांची होते. धानाची रोवणी चालू होती, शेताच्या बांधीत पोटरीभर चिखल, आणि माझ्या पाळीचा पहिला दिवस. ओलं लुगडं पिळावं तसं पोट पिळत होतं. दोनदा ओकले आणि मग रोपांवरच कोसळले. पोटात थंडी शिरली, असा निकाल आईनं लावला. आमच्या घरात पोटाच्या कुठल्याही दुखण्यावर एकच उपाय होता, बिब्बा. काकूनं माझे हात दाबले, मावशी पायांवर बसली. सुईवर टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते आईनं माझ्या बेंबीखाली टेकवलं. मी काकूच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव आली, तरी तिनं सोडलं नाही. कातडी जळल्याचा वास आला. आतली कळ होती तिथेच होती.

डाग चिघळला. सलवारची नाडी बांधता येईना, तेव्हा कुठे मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आधी आईवर उखडल्या, मग मला समजावू लागल्या. गर्भाशय आतलं अस्तर बाहेर टाकायला आकसतं, तरुण मुलींत जरा जास्तच जोरानं, म्हणून दुखतं; थंडीबिंडी काही नाही. कळ चढायची वाट न बघता पाळी येताच, जेवून गोळी घ्यायची, ओटीपोट शेकायचं, एरवी रोज चालायचं. दर महिन्याला दुखणं वाढत गेलं तर मात्र तपासून घ्यायचं. आई सगळा वेळ पंख्याकडे बघत होती.

आता माझी मुलगी पंधराची आहे. तिच्या दप्तरात गोळ्या मीच ठेवते. मागच्या दिवाळीत माहेरी जाताना नेमक्या विसरले, आणि तिथेच तिची पाळी आली. अड्याळच्या बाजारातून गोळ्या घेऊन परतले तर काकूनं पोरीला भिंतीशी दाबून धरलेलं, कुडता वर केलेला, खाली दिवा, आईच्या हातात सुई.

मी दिवा लाथेनं उडवला. सुई पडेपर्यंत आईचं मनगट पिरगाळलं आणि तिला ढकलून दिलं. ती उंबरठ्यावर आपटली, कोपर फुटलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

"माह्या पोरीले हात लावशीन तं हात तोडीन तुहा," मी म्हणाले.

खाली बसल्या बसल्या तिनं कमरेचं लुगडं सरकवलं. बेंबीखाली तीन काळे डाग होते. जन्मात मी ते पाहिले नव्हते.

"माह्या मायनं मले तीन देल्ले होते," ती म्हणाली. "तुले म्या एकच देल्ला."

भांडायला बोलत नव्हती ती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिनं मला वाचवलं.

मी पोरीला दोन घास भरवले, गोळी दिली. मग आईचं कोपर धुवायला बसले. राग गेला नव्हता, पण धुतलं हळूच.