एमआरआयच्या खोलीतला साबणाचा हात

अमानवीय वगैरे मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही... म्हणजे बहुतेक नाही. सासूबाई पोरीची दृष्ट काढायला बसल्या की मीच म्हणायची, मीठ भाजीत टाका, कामी येईल. आम्ही गोंदियाजवळ फुलचूरला राहतो. घडलं ते गोंदियातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये, भर दुपारी.

माझी सहा वर्षांची स्वरा शाळेत बोलता बोलता गप्प व्हायची, डोळे एकटक. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय करून घेऊ. दुखत नाही, पण मशीन खूप ठोकाठोक करते आणि डोकं अजिबात हलवायचं नाही. हलली तर झोपेचं औषध देऊन पुन्हा करावं लागेल. आता आमची स्वरा म्हणजे जेवतानाही एका जागी न टिकणारी!

एकाला सोबत बसता येतं म्हणाले. मी मंगळसूत्र, बांगड्या, पिना सगळं काढलं... जोडवी काही निघेनात. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, मेटल लेके अंदर नहीं." सासूबाईंना पेसमेकर, त्यांना तर दारापाशीही उभं करेना. स्वरा म्हणाली, मी झोपते, तू मागून ये. दार बंद झालं आणि आम्ही सासू-सुना बेसिनवर! मी साबण चोळतेय, त्या जोडवं ओढतायत, आणि पोर आत एकटी म्हणून मी ढसाढसा रडतेय. रडल्यानं बोट बारीक होत नाही, असं त्यांनी सुनावलंसुद्धा.

जोडवी निघाली तोवर स्कॅन आटोपला होता. बच्ची जरा भी हिली नहीं, टेक्निशियन खूश. स्वरा हसत बाहेर आली.

"आई, मशीन लय वाजून राहिली होती. पण तू पाय धरून होतीस न, म्हणून मी भ्यालीच नाही. तुहा हात किती बुळबुळीत होता."

मी तिचा पाय पाहिला. टाचेला साबणाचा फेस...

टेक्निशियन काचेतून सगळा वेळ बघत होता, आत कुणीच नव्हतं. उलट मशीनचा पाट ओला दिसला, तर आत पाणी कोणी नेलं म्हणून तोच आमच्यावर चिडला! नवरा म्हणतो, फेस आधीच लागला असेल. अहो, पण साबण मी हातात घेतला तो दार बंद झाल्यावर. सासूबाईंना मात्र काहीच नवल नाही. "मायचा जीव आहे, गेला असन आत," म्हणाल्या आणि चहा मागवला.

रिपोर्ट चांगला आला. साध्या गोळ्यांवर स्वरा आता मस्त आहे, घर डोक्यावर घेते. आत कोण होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी बाहेर रडत बसले होते तेव्हा माझ्या लेकीजवळ तिची आई होती. मला तेवढं पुरतं.